गेन वाढवण्याआधी डायल लावा

सातपूरच्या एमआयडीसीत डिझेल इंजेक्टरचे भाग मायक्रॉनच्या मापात बनतात, त्यामुळे इथल्या हौशी माणसाचीही घरच्या सीएनसीकडून अपेक्षा मोठी असते. बॉलस्क्रू, बेअरिंग, कपलिंग बसवून देणारे फिटर हाताशी असतात, मशीन उभं राहतं, आणि स्टेपर काढून सर्वो बसवला की माप चुकणारच नाही असं वाटू लागतं. तरीही जॉब पॉइंट झिरो आठने चुकतो. अशा वेळी हात आधी ड्राइव्हच्या पॅरामीटरकडे जातो आणि गेन वाढवला जातो. माझं सांगणं असं, की चूक नेमकी कुठे होते हे मोजून कळेपर्यंत गेनला हात लावू नये.

एन्कोडर मोटरच्या पाठीवर बसलेला असतो. शाफ्ट किती फिरला, एवढंच त्याला कळतं. पुढे कपलिंग सरकलं, नटमध्ये प्ले आला, गॅन्ट्री वाकली, यातलं काहीच ड्राइव्हपर्यंत पोचत नाही. म्हणून पॅनेलवर एरर शून्य आणि जॉब मात्र चुकलेला, हे एकाच वेळी घडतं. ५ मिमी पिचचा स्क्रू, २,५०० लाइनचा एन्कोडर आणि इलेक्ट्रॉनिक गिअर १:१ असेल तर, एका लाइनमागे चार पल्स मोजले जात असल्याने, एका फेऱ्याला १०,००० पल्स लागतात, म्हणजे मिलिमीटरला २,०००. १०० मिमी जायला २,००,००० पल्स हवेत आणि परत आल्यावर आकडा शून्य हवा. बऱ्याच ड्राइव्हवर आलेले पल्स आणि एन्कोडरने मोजलेले पल्स वेगवेगळे बघता येतात. तिसरं माप टेबलाला टेकवलेल्या डायलचं. या तीन साक्षीदारांची जबानी जिथे पहिल्यांदा फुटते, तिथे दोष शोधायचा.

आलेले पल्सच कमी भरले तर कंट्रोलर, ब्रेकआउट बोर्ड आणि वायरिंग बघा. डायरेक्शनचा सिग्नल बदलताच स्टेप पल्स येत असेल, तर दर वळणावर एखादा पल्स हुकतो आणि चूक साचत जाते. स्पिंडलच्या व्हीएफडीची केबल सिग्नलच्या वायरीला चिकटून गेली असेल, तर आकडा फक्त स्पिंडल चालू असताना बिघडतो. दोन्ही आकडे जुळतात पण डायल जुळत नाही, तर दोष बहुतेक मोटरच्या पुढे आहे. दिशा उलटल्यावरच ठरावीक फरक दिसला, तर नट आणि टोकाचं बेअरिंग तपासा. शून्य सरकून तिथेच राहिलं, तर शाफ्टवरून कपलिंगवर जाणारी मार्करची सरळ रेघ ओढून टेबल जोरात पुढे-मागे पळवा. रेघ तुटली तर ग्रब स्क्रू सैल आहे. रेघ सलग असेल तर एन्कोडरच्या केबलवर संशय घ्या. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये उष्णताही धरावी लागते: पोलाद मीटरला दर अंशी साधारण ११-१२ मायक्रॉन वाढतं, म्हणजे अर्ध्या मीटरचा स्क्रू १० अंशांनी तापला की जवळपास ६० मायक्रॉन लांबतो.

यावर कुणी म्हणेल, गेन वाढवला आणि जॉब खरंच सुधारला. तसं होतं, पण चूक वेगामुळे होत असेल तेव्हाच. पारख सोपी आहे: तोच प्रोग्रॅम एकदम कमी फीडवर चालवा. चूक घटली तर गेनचा विचार जरूर करा. तेवढीच राहिली तर गेन वाढवून काहीच हाती लागणार नाही. उलट सैल यांत्रिकीवर मोटर घुमू लागते आणि तापते. दुसरा आक्षेप सॉफ्टवेअरमधल्या बॅकलॅश कॉम्पेन्सेशनचा. ड्रिलिंगला ते चालून जातं. मिलिंगमध्ये, विशेषतः क्लाइंब कटला, कटर स्वतःच टेबल ओढतो आणि प्ले मध्येच खातो. तिथे सॉफ्टवेअरचा हिशेब टिकत नाही. टेबलावर ग्लास स्केल लावून लूप पूर्ण करावा, हा सल्ला तत्त्वतः बरोबर आहे, पण लूपच्या आत प्ले राहिला तर अ‍ॅक्सिस जागच्या जागी थरथरतो. म्हणजे नट आधी दुरुस्त करावाच लागतो.

फॉलोइंग एररचा, म्हणजे मागितलेली जागा आणि एन्कोडरने मोजलेली जागा यांतल्या फरकाचा, अलार्म वाजू नये म्हणून त्याची मर्यादा वाढवून ठेवणं तर मला धोक्याचंच वाटतं. अलार्म आला की अ‍ॅक्सिस कुठे थांबला तो आकडा लिहून ठेवा. दरवेळी तीच जागा असेल तर पॉवर बंद करून स्क्रू हाताने फिरवा. चिप अडकलेली किंवा रेल तिरकी बसलेली हाताला लगेच कळते. जागा दरवेळी बदलत असेल तर केबल चेनमध्ये वाकणारी एन्कोडरची वायर आणि तिचा कनेक्टर उघडून बघा.