घोडा विकत घेताना : किंमत कशी पारखावी

बैलजोडी घ्यावयाची झाल्यास शेतकरी चार जाणत्यांना बरोबर नेतो. घोड्याची पारख असलेली माणसे मात्र आता गावोगाव मिळत नाहीत. तरीही घोड्यावाचून ज्यांचे चालत नाही अशी कुटुंबे महाराष्ट्रात आहेत. मेंढरांच्या कळपाबरोबर फिरणारे धनगर आपला संसार घोडीच्या पाठीवर नेतात. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानात प्रवासी व माल यांची ने-आण घोड्यांवरून चालत आली आहे. वरातीच्या घोड्यावर उपजीविका करणारेही पुष्कळ आहेत. अशा कुटुंबाने वर्षाची शिल्लक एका जनावरात घातली आणि ते लंगडे निघाले, तर जनावराबरोबर धंदाही बसतो. म्हणून घोड्याची किंमत कोणत्या गोष्टींवर ठरते, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

किमतीचे दोन भाग

घोड्याच्या किमतीत दोन भाग मिसळलेले असतात. वय, पाय, दम, स्वभाव व शिकवण यांवर ठरते ती कामाची किंमत. जात, रंग, उंची व अंगावरील खुणा यांवर ठरते ती हौसेची किंमत. विकणारा बहुधा दुसऱ्या भागाची वाखाणणी करतो. घेणाऱ्याने प्रथम पहिला भाग तपासावा. सामान वाहण्यासाठी घोडी घेणाऱ्याने रंगासाठी जादा पैसे मोजणे म्हणजे जे कधी कामास येणार नाही ते विकत घेणे होय. वरातीचा धंदा करणाऱ्यास मात्र रंग हेच भांडवल असते. यास्तव जनावर कोणत्या कामासाठी हवे, हे घरीच ठरवून मग बाजाराची वाट धरावी.

वय

वय दातांवरून ओळखावे. घोड्याच्या प्रत्येक जबड्यात पुढे सहा दात असतात. दुधाचे दात पडून मधली जोडी सुमारे अडीच वर्षांनी, शेजारची साडेतीन वर्षांनी व कडेची साडेचार वर्षांनी येते. पाचव्या वर्षी तोंड पुरे होते. त्यानंतर खालच्या दातांवरील खळगे झिजू लागतात. मधल्या जोडीचे खळगे सहाव्या, शेजारचे सातव्या व कडेचे आठव्या वर्षाच्या सुमारास जातात. वरच्या कडेच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती दाताच्या मध्यापर्यंत व विसाव्या वर्षी टोकापर्यंत पोहोचते. रेताड रानात चरणाऱ्या जनावराचे दात लवकर झिजतात. म्हणून हा अदमास समजावा. म्हाताऱ्या घोड्याच्या दातावर कृत्रिम खळगा कोरून तो तरुण म्हणून विकण्याची लबाडीही जुनी आहे.

दोन वर्षांचे शिंगरू स्वस्त मिळते, पण चार वर्षे पुरी होण्यापूर्वी त्यावर भारी ओझे लादल्यास पाय कायमचे बिघडतात. तोपर्यंत त्याला पोसण्याचा खर्च किमतीत धरावा. ज्यास ताबडतोब काम हवे त्याने पुऱ्या तोंडाचे, काम शिकलेले जनावर घ्यावे.

पाय व चाल

पाय गेलेला घोडा म्हणजे चाक मोडलेली गाडी. शरीराच्या भाराचा सुमारे तीन पंचमांश भाग पुढच्या पायांवर येतो. म्हणून ते विशेष बारकाईने पाहावेत. खुरांस भेगा नसाव्यात आणि दोन्ही खुरांचा आकार सारखा असावा. नळ्यांवरून हात फिरवून गरमपणा, सूज किंवा गाठ लागते काय ते पाहावे.

नंतर स्वाराशिवाय, दोर सैल धरून, कठीण जमिनीवर घोडा सरळ रेषेत चालवावा व दुडकीने पळवावा. पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीवर टेकताना घोडा मान वर उचलतो व चांगल्या पायावर ती खाली टाकतो. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा अधिक वरखाली होतो. दोन्ही बाजूंस वळवून पाहावे. चालून गरम झालेल्या जनावराचे लंगडणे पुष्कळदा झाकले जाते, म्हणून सकाळी ते थानावर बांधलेले असतानाच गाठावे. वेदनाशामक औषधाने लंगड लपविता येते. शंका वाटल्यास दोन दिवसांनी पुन्हा पाहावे.

दम, डोळे व स्वभाव

स्वस्थ घोडा विसाव्यात मिनिटास 8 ते 16 वेळा श्वास घेतो. थोडे पळवून थांबविल्यावर घरघर किंवा खोकला ऐकू आल्यास सौदा करू नये. प्रत्येक डोळ्यासमोर वेगवेगळा हात हलवून दृष्टी तपासावी. लगाम चढविणे, खूर उचलू देणे, ओझे लादू देणे या गोष्टी विकणाऱ्याकडून आपल्यासमोर करवून घ्याव्यात. चावरा वा लाथाळ घोडा लेकराबाळांच्या वस्तीत कितीही स्वस्त मिळाला तरी महागच होय.

जात, रंग व भोवरे

आपल्या बाजारांत मारवाडी व काठेवाडी जातींस मोठी मागणी असते. आत वळलेले कान ही दोन्ही जातींची ओळख आहे. भीमा नदीच्या खोऱ्यातील भीमथडी घोडा कणखर असून धनगरांच्या भटकंतीत तोच टिकून राहिला आहे. उंची मानेच्या मुळाशी, जेथे आयाळ संपते त्या उंचवट्यापासून जमिनीपर्यंत स्वतः मोजावी. दर इंचामागे किंमत चढते, पण ओझ्याच्या कामास उंचीपेक्षा भक्कम पाठ व आखूड नळ्या अधिक उपयोगी पडतात.

नुकरा, पंचकल्याणी, देवमण अशा खुणांनी किंमत वाढते. अशुभ मानलेल्या भोवऱ्याने ती उतरते. भोवरा म्हणजे केसांचे वळण होय. त्याचा बळाशी अथवा आयुष्याशी संबंध नाही. निकोप घोडा केवळ भोवऱ्यामुळे स्वस्तात मिळत असेल तर कामकऱ्याने तो अवश्य घ्यावा. मात्र पुढे विकताना तीच उणीव आपल्यालाही सोसावी लागेल, हा हिशेब मनात ठेवावा.

बाजार व हंगाम

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीपासून, आणि नांदेड जिल्ह्यात माळेगाव येथे खंडोबाच्या मार्गशीर्षातील यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे एकाच दिवशी अनेक जनावरे तुलनेस मिळतात, हा मोठा लाभ आहे. वर्तमानपत्रांत छापून येणारा मोठा आकडा ही विकणाऱ्याची मागणी असते, ठरलेला सौदा नव्हे. लग्नसराईच्या तोंडावर वरातीच्या घोड्यांचे भाव चढतात. रुमालाखाली बोटांनी ठरणाऱ्या सौद्यात दलालाची दलाली कोण देणार, हे आधी उघडपणे बोलून घ्यावे.

रोगतपासणी

ग्लँडर्स हा रोग घोड्यांपासून माणसांस होतो. त्यावर लस नाही. 2006 साली महाराष्ट्रात त्याचा प्रादुर्भाव झाला होता. बाधित ठरलेले जनावर 2009 च्या केंद्रीय कायद्यानुसार नष्ट करावे लागते. नाकातून चिकट स्राव किंवा अंगावर गाठी व व्रण असलेल्या जनावराजवळही जाऊ नये. वरून निरोगी दिसणाऱ्या घोड्याची रक्तचाचणी झाल्याचा दाखला मागावा. घोडी गाभण आहे असे सांगून जादा किंमत मागितल्यास पशुवैद्याकडून खात्री करून घ्यावी.

पोसण्याचा खर्च

घोड्यास रोज वजनाच्या सुमारे 2 ते 2.5 टक्के कोरडा आहार लागतो. 300 किलो वजनाच्या घोडीस दिवसास 6 ते 7.5 किलो, म्हणजे वर्षाकाठी सुमारे 22 ते 27 क्विंटल कोरडे वैरण-धान्य लागेल. त्यातील चराईतून किती भागेल व विकत किती घ्यावे लागेल, याचा हिशेब खरेदीपूर्वी मांडावा. शिवाय नालबंदी व धनुर्वाताची लस यांचाही खर्च धरावा. लंगडा घोडाही खातो तेवढेच. म्हणून स्वस्तातील सदोष जनावर दरवर्षी नुकसान करते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यात्रेपूर्वी इच्छुकांची बैठक घेऊन दात पाहण्याची व चाल तपासण्याची रीत गावातील घोड्यावर प्रत्यक्ष दाखवावी आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी त्यांची गाठ घालून द्यावी. विसार देण्यापूर्वी तपासणी व्हावी आणि खरेदीच्या पावतीवर रंग, खुणा, उंची, वय व विकणाऱ्याचे नाव-गाव लिहून घ्यावे. इतकी दक्षता घेतल्यास फसगतीचे बहुतेक प्रकार टळतील.