पापलेट कसें ओळखावें?

गेल्या माघ महिन्यांत आमच्या घरीं किनाऱ्याकडील एक सोयरे उतरले होते. त्यांच्यासाठीं आम्ही तालुक्याच्या बाजारांतून पापलेट म्हणून दोन मासे जातीनें निवडून आणिले व भावही पापलेटाचाच मोजला. मासे चुलीकडे जाण्यापूर्वीं सोयऱ्यांनीं एकाचा जबडा उघडून पाहिला आणि हंसून विचारिलें, "भाऊसाहेब, पापलेटास दाढा कधींपासून फुटल्या?" मासा होता रूपचंद. आमच्या नोकरीचीं सहा वर्षें समुद्रकांठच्या कचेरींत गेलीं असतां आम्हीं फसावें, मग घाटावरील वाचकांची कथा काय!

पापलेट हा अरबी समुद्रांतील मोलाचा मासा असून महाराष्ट्र सरकारनें इ. स. २०२३ मध्यें त्यास राज्यमाशाचा मान दिला. पालघर तालुक्यांतील सातपाटी हें बंदर त्याकरितां प्रसिद्ध आहे. शास्त्रज्ञ त्यास बहुत काळ पाम्पस अर्जेंटियस म्हणत आले. परंतु अलीकडील शोधांनीं आपल्या समुद्रांतील जात निराळी ठरवून तिला पाम्पस कँडिडस असें नांव दिलें आहे. बाजारांत या वादाचें प्रयोजन नाहीं. तेथें डोळे व बोटें पुरेत.

खऱ्या पापलेटाचें शरीर उंच व दोन्ही बाजूंनीं दाबल्यासारखें चपटें असतें. रंग रुपेरी, पाठीकडे किंचित् करडा. खवले अत्यंत बारीक व हात लावतांच निघणारे. मुस्कट बोथट आणि तोंड इतकें लहान कीं, करंगळीचें टोंकही कष्टानें शिरावें. शेपटी खोल दुभंगलेली असून खालची फांक वरचीपेक्षां लांब असते. परंतु मुख्य खुणा दोन. पहिली, मोठ्या पापलेटास पोटाखालीं परांची जोडी मुळींच नसते. दुसरी, कल्ल्यांचें द्वार म्हणजे डोक्याच्या बाजूस केवळ एक आंखूड उभी चीर; इतर माशांप्रमाणें तेथें रुंद झांकण उघडत नाहीं. कापरी नांवाची जात याच कुळांतली आहे. तिच्या शेपटीच्या फांका बहुतेक सारख्या असतात. ती घेण्यांत फसवणूक नाहीं.

हलव्यास पुष्कळ लोक काळें पापलेट म्हणतात, तें मात्र चूक होय. हलव्याचें कुळच वेगळें. त्याचे कल्ले रुंद उघडतात व शेपटीच्या बुडाशीं दोन्ही अंगांस कठीण खवल्यांची रांग असते. तिच्यावरून बोट फिरविलें कीं ती खरखरीत लागते. मोठ्या हलव्यासही पोटाखालचे पर नसतात, म्हणून त्या एकाच खुणेवर विसंबूं नये. बाकी हलवा चवीस उत्तम. आमच्या मतें तर रश्शास तोच बरा. पण पापलेटाच्या भावानें घेऊं नये.

आतां रूपचंद. हा गोड्या पाण्यांतला मासा, मूळचा दक्षिण अमेरिकेंतील अॅमेझॉन नदीच्या खोऱ्याकडला. आकार पापलेटासारखा गोलसर, आणि घोटाळा येथेंच होतो. परंतु त्याच्या पोटाखालीं परांची जोडी असते. पाठीवरचा पर व शेपटी यांच्यामध्यें एक लहानसा मांसल पर असतो, तो पापलेटास कदापि नसतो. छातीकडे बहुधा तांबूस झांक असते. आणि जबड्यांत माणसाच्या दाढांसारखे दांत. आम्हीं तोंड उघडून पाहिलें असतें तर दुसरें कांहीं पाहण्याची गरज नव्हती.

आपल्यापैकीं कित्येक जण शेततळ्यांत रूपचंद वाढवितात, म्हणून थोडें स्पष्ट लिहितों. मासा वाईट नाहीं. तो धान्य, पेंड, पाला सर्व खातो व लवकर वाढतो. परंतु व्यापारी तळ्यावर येऊन तो रूपचंदाच्या दरानें उचलतो आणि पुढें पापलेट म्हणून विकतो, तेव्हां वरचा पैसा शेतकऱ्यास मिळत नाहीं, आणि गिऱ्हाईक एकदां फसलें कीं रूपचंदाच्या नांवानेंही तो घेत नाहीं. आठवड्याच्या बाजारीं जे स्वतः विकतात, त्यांनीं "तळ्यांतील रूपचंद" अशी पाटी लावावी.

घेणाऱ्यानें मासा अखंड असतांनाच पाहावा. डोकें, शेपटी व पर छाटून तुकडे पुढें आले म्हणजे वरील सर्व खुणा गेल्या. ताजेपणाविषयीं कोळणींचा एक ठोकताळा आहे: पापलेटाच्या कल्ल्याजवळ अंगठ्यानें दाबावें, पांढरें पाणी आलें तर मासा ताजा, तांबडें आलें तर शिळा. आमच्या अनुभवास तो बहुधा खरा उतरला आहे. विक्रेता दाबूं देत नसेल तर पुढच्या पाटीकडे जावें.