तेजस विमान

मुलांनो, लढाऊ विमान दुकानात तयार मिळत नाही. हवाई दल आधी आपली गरज सरकारला कळवते. संरक्षण मंत्रालय ती तपासते. मोठ्या खर्चाला पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील समिती मंजुरी देते. मग काम सुरू!

आता तेजस विमानच पाहा. योजना १९८३ साली मंजूर झाली, पण पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले. योजनेच्या वर्षी जन्मलेले मूल तोवर अकरावी-बारावीत पोहोचले होते! विमान आपले, इंजिन मात्र अमेरिकेचे. कारण आपल्या ‘कावेरी’ इंजिनाचा जोर कमी पडला. २०२१ साली सरकारने ८३ नव्या तेजस विमानांचा करार केला. इंजिने उशिरा आली, म्हणून विमानेही रखडली. नाशिकजवळच्या ओझर येथे तयार झालेले तेजस ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रथम उडाले.