उरलंसुरलं घराला नको

ड्युटीवरून आलात की थेट दार ढकलून आत शिरू नका. जिन्याच्या वळणावर घटकाभर थांबा. कोणावर राग आहे, कशाने डोकं उठलंय, ते तिथंच मनाशी बोलून घ्या आणि मग घरात या. आत्याचं हे एवढं ऐका. बाकीचं पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

मी हे सांगते कारण माझी सगळी नोकरी परळच्या वॉर्डांत नर्स म्हणून गेली. आमच्यातल्या बहुतेक जणी नगर, राहुरी, मिरजेकडच्या ख्रिस्ती घरांतल्या. 'सिस्टर' अशी हाक आली की ओळखपाळख नसलेल्या पेशंटसाठीही आवाज आपोआप मऊ व्हायचा. बेडपॅन देताना कपाळाला आठी पडायची नाही. पण तीच बाई घरी आली आणि मुलाने पाणी मागितलं, की "तुझे हात मोडलेत का?" रात्री रिटायरिंग रूममध्ये आम्ही यावर हसायचो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. दिवसभराचा सगळा गोडवा परक्यांना वाटून टाकायचा आणि घरच्यांच्या वाट्याला खरवड, असा तो प्रकार. तुम्ही दोघंही नोकरी करता, तेव्हा तुमचंही तेच होणार.

भोईवाड्यात राहायचं म्हणजे लोकांच्या दुखण्याला खेटून राहायचं. केईएम 1926 सालचं, वाडियांचं प्रसूतिगृहही त्याच सालचं, मुलांचं वाडिया 1929 चं, टाटा 1941 चं. बाजाराला निघालं तरी वाटेत हातात एक्सरेची पिशवी घेतलेला कोणीतरी "ओपीडी किधर है?" विचारतोच. टाटाच्या बाहेर फुटपाथवर बिऱ्हाडं पडलेली असतात, ती तुम्ही पाहिलीच आहेत. मागे एकदा तिथं एक म्हातारा बायकोच्या डोक्याला रुमाल बांधत होता. औषधांनी तिचे केस गेले होते. गाठ काही बसेना. बसली तर ती म्हणाली, घट्ट झाली. त्याने सोडली, पुन्हा बांधली. आता सैल झाली. परत सोडली. भाकरी वेळेवर मिळाली नाही म्हणून गावाकडे याच माणसाने ताट सरकवलं नसेल, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दुखणं आलं की भलेभले मऊ होतात. माझं म्हणणं इतकंच, की धडधाकट असताना, कॅलेंडरवर काही विशेष नसलेल्या मंगळवारी तसं वागून बघा.

तुमच्या लग्नात पाळकसाहेबांनी करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय वाचला. सगळ्यांच्याच लग्नात वाचतात. फोटोग्राफर पुढे आलेला असतो, लहान मुलं कंटाळलेली असतात, आणि शब्द कानावरून जातात. पण पौलाने तो अध्याय नवरा-नवरीसाठी लिहिलेला नाही. लिहिला तो भांडकुदळ मंडळीला. त्याच पत्राचा अकरावा अध्याय घरी उघडून बघा. प्रभुभोजनासाठी ही माणसं जमायची, आणि ज्याच्या घरी सुबत्ता तो आपलं आधीच खाऊन-पिऊन मोकळा. गरीब बिचारा उपाशी बसायचा. पौल खवळला तो यावर. प्रीतीचं एवढं मोठं बोलणं पुढे आलं त्याच्या आधी ताटाचं भांडण होतं, हे मला फार आवडतं. आपल्या घरातही ते ताटावरच कळतं.

रविवारी उपासनेहून आल्यावर मटण शिजतं. नळी पुरुषांना, मऊ मांस मुलांना, पाहुणा असला तर त्याला दोन वाढीव, आणि जी दोन तास शेगडीपुढे उभी होती तिला शेवटी रस्सा आणि पातेल्याला चिकटलेला मसाला. वर ती म्हणते, "मला असंच आवडतं." कोणालाही असं आवडत नाही! तेव्हा पहिल्या दिवसापासून रीत पाडा: ज्याने स्वयंपाक केला त्याचं ताट आधी वाढायचं, आणि ते दुसऱ्याने वाढायचं. सुरुवातीला सगळे हसतील. बाळा, तुझी आई तर जेवायलाच बसणार नाही, "मी मागनं बसते" म्हणेल. तिला हाताला धरून बसव. आणि पोरी, ज्या दिवशी तो भाजी करेल त्या दिवशी पहिलं ताट त्याचं. भाजी कशी का झालेली असेना.

आता टिळकांची गोष्ट. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भक्तिगीतं आपण 'उपासना संगीत'मधून लहानपणापासून म्हणतो. माणूस मोठा, कवी त्याहून मोठा. पण घर कसं चालवावं हे शिकायचं असेल तर मी त्यांच्याकडे पाठवणार नाही, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडे पाठवीन. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचा. 1934 पासून ते भागाभागाने बाहेर आलं, आणि आजही वाचताना शेजारच्या खोलीतली बाई बोलतेय असं वाटतं. टिळकांचा हात सढळ. दारी आलेल्याला रिकामं पाठवणं त्यांना जमायचं नाही. पण घरात मीठ-मिरची आहे का, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या वाट्याचा. त्यात टिळक शीघ्रकोपी. पुढे 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' नावाची भक्तमंडळी उभी केली. बाहेरच्यांनी त्याला त्याग म्हटलं, तो होताही. पण पगार बंद झालेल्या घरात चूल कोणाला पेटवावी लागते? तिचा त्याग कोणी मोजला?

तरी टिळकांची एक बाजू मी मानते. 10 फेब्रुवारी 1895 ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. त्या अशा घरातल्या, की वडील मीठसुद्धा धुऊन घ्यायचे, इतकं सोवळं. काही वर्षांनी दोघं पुन्हा जवळ आली तेव्हा टिळकांनी तिच्यावर सक्ती केली नाही. तिचं सोवळं तिला पाळू दिलं. तिने जातपात सोडली ती आपल्या बुद्धीने, आपल्या वेळेला, आणि बाप्तिस्मा घेतला 1900 साली. ज्या माणसाला एरवी पटकन राग यायचा, त्याने एवढ्या मोठ्या गोष्टीत धीर धरला. आपण उलटं करतो. मोठ्या प्रसंगात एकमेकांपुढे लोटांगण, आणि टीव्हीच्या रिमोटवरून महाभारत.

लक्ष्मीबाईंकडून आणखी एक घ्या. त्या भांडणं लपवत नाहीत. नवऱ्याचे हट्ट, स्वतःचे हट्ट, सगळं मोकळेपणी लिहितात आणि लिहिताना हसतात. मनात डूख धरलेल्या माणसाला असं हसता येत नाही. तेव्हा भांडा, खुशाल भांडा. चाळीत कळेल म्हणून ओठ मिटून धुमसत बसू नका. चाळीला आधीच कळलेलं असतं. पण "गणपतीच्या सुट्टीत तू काय म्हणाली होतीस" असली जुनी थकबाकी काढायची नाही. पौल इफिसकरांना सांगतो की राग घेऊन सूर्य मावळू देऊ नका. नाइट ड्युटीवाल्यांनी सूर्य उगवायच्या आत मिटवावं. आणि चूक झाली तर तोंडाने "चुकलं" म्हणा. आपल्याकडे पुरुष चुकल्यावर गुपचूप चहा करून देतो किंवा येताना खारी घेऊन येतो. चहा प्यावा, खारी खावी, पण शब्दही मागून घ्यावा.

पैशाचं थोडक्यात. देवळाला दशांश द्या, जरूर द्या. पण आईच्या साखरेच्या गोळ्या संपल्या असतील तर आधी गोळ्या. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू याच गोष्टीवरून शास्त्र्यांना फटकारतो: आईबापाला द्यायचं ते 'कुर्बान' म्हणून देवाच्या नावावर टाकायचं आणि हात झटकायचे, हे त्याला चालत नाही. मंडळीच्या कामाचंही तसंच. तरुण संघ, स्त्रियांची सभा, नाताळची गायनं, सगळीकडे पुढे असलेला माणूस घरी आजारी बापाचं डायपर बदलायला कधी सापडत नाही, असे दोन-चार मला ठाऊक आहेत. नावं सांगत नाही. कामात असतात बिचारे.

आता जे सांगते ते नीट ऐक, पोरी, आणि तूही ऐक, बाळा. निःस्वार्थ प्रीती म्हणजे सोसत राहणं नव्हे. आपल्या लोकांनी हे बायकांच्या गळी फार उतरवलंय. क्रूस वाहा, गप्प राहा. येशूने क्रूस आपणहून घेतला, दुसऱ्याच्या पाठीवर लादला नाही. दोघांनी आपापलं सोडलं तर ती प्रीती. एकानेच सोडायचं आणि दुसऱ्याने घेत राहायचं, त्याला आमच्या वेळी वेठबिगारी म्हणत. आणि कधी हात उचलला गेला, तर ते प्रार्थनेत झाकायचं नाही. माझ्याकडे यायचं, पाळकांकडे जायचं, आणि गरज पडली तर भोईवाड्याचं पोलीस ठाणं लांब नाही. घरातल्या मारहाणीविरुद्ध 2005 चा कायदा आहे, तो आपल्यालाही लागू आहे.

राहता राहिलं घर. नायगावच्या बीडीडी चाळीतली तुमची खोली 160 चौरस फुटांची. शंभरेक वर्षांपूर्वी बांधलेल्या या चाळींत भांडण फार ताणताच येत नाही. रात्री अंथरुणं घातली की रुसलेल्या माणसाला ओलांडूनच मोरीकडे जावं लागतं, आणि ओलांडताना पाय लागला की "सॉरी" निघतंच तोंडातून. नव्या टॉवरमध्ये 500 फुटांचा फ्लॅट मिळणार म्हणता. मिळू दे, फार सोसलंय लोकांनी. पण तिथं दारं असतील. दार लावून दोन-दोन दिवस मुक्याने काढता येतील, प्रत्येकाच्या हातात फोन असेल. म्हणून आत्ताच ठरवा: रात्रीची प्रार्थना बाहेरच्या खोलीत, सगळ्यांनी मिळून, पाच मिनिटं झाली तरी चालतील. ज्याच्याशी अबोला असेल त्याने त्या दिवशी प्रार्थना सांगायची. लांबलचक प्रार्थना करून दुसऱ्याला टोमणे मारायचे नाहीत, हेही ठरवून टाका, कारण आपल्यात ती खोड जुनी आहे.

आणि आईचं. वधस्तंभावर प्राण जात असताना येशूने आपल्या आईची सोय शिष्याकडे लावून दिली, हे योहानाने लिहून ठेवलंय. तुम्हाला तर नुसती खोली ठरवायचीय. बाथरूमला लागून असेल ती तिला द्या, रात्री तीनदा उठते ती. पण ते आधी तिला विचारा. कदाचित तिला रस्त्याकडची खिडकी हवी असेल. आणि सामान हलवायच्या दिवशी तिची ती लोखंडी कॉट "जुनी झाली" म्हणून परस्पर भंगारवाल्याला देऊन टाकू नका.