पत्त्याचे रकाने

परदेशी गिऱ्हाइकांसाठी फॉर्म बनवण्यात माझी बारा वर्षं गेली. पहिला फॉर्म आपल्या पिनकोडच्या मापाने बेतला होता: सहा आकडे, फक्त आकडे, आणि ते भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १९७२ साली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी देशाला पिनकोड दिला. मी तो अख्ख्या जगाला देऊन बसलो होतो. त्यानंतर लागलेल्या ठेचा अशा.

१. पोस्टकोड हा मजकूर आहे, संख्या नव्हे. बॉस्टनकडचे झिप कोड शून्याने सुरू होतात. मी फील्ड संख्येचं ठेवलं आणि केंब्रिजचा ०२१३९ लेबलवर २१३९ असा उमटला. चूक सापडायला आठवडा गेला, कारण भरताना शून्य नीट दिसायचं. सेव्ह करताना डेटाबेस ते गिळायचा. ड्रेस्डेनच्या पार्सलांचीही हीच गत. लंडनच्या कोडात तर अक्षरं असतात, शिवाय मधे मोकळी जागा.

२. कोडाची सक्ती नको. हाँगकाँगला पोस्टकोडच नाही. आयर्लंडने देशभर कोड आणला तो २०१५ साली. सक्ती केली की लोक सरळ सहा शून्यं ठोकतात. कोरा रकाना निदान कोरा आहे हे कळतं तरी!

३. राज्याचंही तेच. एकदा सिंगापूरच्या ऑर्डरी चाळत होतो. शहर सिंगापूर, राज्य सिंगापूर, देश सिंगापूर. फॉर्म हटून बसलेला, म्हणून बिचारे तीनतीनदा लिहीत होते.

४. माझी खरी मस्ती उतरवली जपानने. जपानी लिपीतला पत्ता मोठ्याकडून लहानाकडे येतो: आधी कोड, मग प्रांत, शहर, वस्ती, तिचा भाग, गट, घराचा क्रमांक, आणि माणसाचं नाव सगळ्यात शेवटी. तिथल्या बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. मी मात्र 'रस्त्याचं नाव' या फील्डला लाल चांदणी लावून ठेवलेली. तिकडच्या सहकाऱ्याने अगदी नम्रपणे विचारलं, "इथे काय लिहू?" काय सांगणार? तेव्हापासून मी आधी देश विचारतो आणि मग त्या देशाचे रकाने समोर ठेवतो.

५. दोन-तीन ओळी मोकळ्या सोडा आणि त्यांत काय लिहायचं ते लिहिणाऱ्यावर सोपवा. कोस्टारिकात अमुक खुणेपासून दोनशे मीटर दक्षिणेला, असा पत्ता सांगतात. आपल्याकडे तरी वेगळं काय? दिवाळीत मामाला आमच्याच साइटवरून फराळ पाठवायला बसलो. 'घर नं. १२/अ, मारुतीच्या देवळामागे, मु. पो.' एवढं लिहिलं, तोच तिरकी रेघ बघून माझाच फॉर्म मला म्हणाला, 'अवैध अक्षर'. मुकाट्याने रेघ काढली. गावच्या पोस्टमनने नुसतं नाव वाचलं आणि डबा मामीच्या हातात दिला.