क्यूचा फटका : शास्त्र आणि साधना

बिलियर्ड्स व स्नूकर हे बड्या लोकांच्या क्लबातील खेळ होत, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती निराधार नाही. स्नूकरचा जन्म १८७५ साली जबलपूर येथे, ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये झाला. अशा ठिकाणी सामान्य भारतीयाने वावरावे ते मार्कर, म्हणजे गुण मोजणारा नोकर, म्हणून. परंतु टेबलावरील चेंडू क्यू धरणाऱ्याचे कुळ विचारीत नाही. त्याला कळतो तो फक्त फटका. त्याचेच शास्त्र आपण येथे पाहू.

प्रथम शरीराची ठेवण. पाय स्थिर ठेवून कंबरेतून वाकावे, हनुवटी क्यूजवळ आणावी. पुढचा पंजा टेबलावर टेकवून अंगठा व तर्जनी यांमध्ये खाच करावी. तिला ब्रिज म्हणतात. मागच्या हाताची मूठ सैल असावी. ती आवळली की क्यू वाकडा जातो. दंड न हलवता कोपराखालचा हात लंबकासारखा झुलवावा. फटक्यानंतरही क्यू त्याच रेषेत पुढे जाऊ द्यावा व डोके उचलू नये.

आता आघाताचे स्थान. क्यू आडवा ठेवून चेंडूच्या व्यासाच्या सात-दशांश उंचीवर फटका दिल्यास चेंडू प्रारंभापासूनच न घसरता लोळतो. मध्यावर दिल्यास तो आधी घसरतो, मग कापडाच्या घर्षणाने लोळू लागतो. मध्याखाली दिल्यास उलटी फिरकी मिळते. फिरकी नसलेला पांढरा चेंडू दुसऱ्यावर समोरासमोर आदळला, तर जवळजवळ जागीच थांबतो. पुढे फिरणारा त्याच्या मागोमाग जातो, उलटा फिरणारा परत येतो. फ्रेंच गणिती कोरिओलिस यांनी १८३५ साली या गतींवर संपूर्ण ग्रंथ लिहिला.

पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. १९६४ साली त्यांनी तो पुन्हा मिळविला. गोऱ्यांच्या मक्तेदारीस मिळालेले हे उत्तर सरावातून घडले होते.

या सरावाची एक जुनी रीत आहे. पांढरा चेंडू टेबलाच्या मध्यरेषेवरून समोरच्या कडेवर मारावा. फटका सरळ असेल तर तो परत क्यूच्या टोकापाशी येतो; डावीउजवीकडे गेला, तर आघात मध्यावर झाला नाही किंवा नेम रेषेत नव्हता, असे समजावे. येथे नशिबाला जागा नाही. कारण शोधावे, ते दूर करावे, पुन्हा मारावे. तथागतांनी शिकविलेला कार्यकारणभाव याहून निराळा नाही.

आपल्या मुलांना ‘हे तुमच्या रक्तात नाही’ असे आजही ऐकविले जाते. कौशल्य रक्तात नसते. ते कोपरात, नजरेत आणि रोजच्या सम्यक व्यायामात असते, हे आपण त्यांना हाती खेळ देऊन दाखविले पाहिजे.