कुत्र्याचे शिक्षण आणि आपले



आपल्या भाषेत कुत्र्यावरील म्हणी पुष्कळ आहेत. त्यांपैकी दोन तर लहानपणापासून आपल्या कानांवर पडत असतात. पहिली, ‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच’. आणि दुसरी, ‘भुंकणारा कुत्रा चावत नाही’. माणसांच्या बाबतीत या म्हणी कितपत खऱ्या, याचा विचार मराठीच्या तासाला करू. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र दोन्ही खोट्या आहेत. दुसरी तर घातकच आहे. वर्गात ती मी स्वतः अनेकदा गमतीने वापरीत असे. ती का सोडली, ते सांगण्यासाठी हा लेख.

काही वर्षांपूर्वी आठवीतील एक मुलगा कवायतीच्या तासाला लंगडत होता. विचारले तेव्हा, “सायकलवरून पडलो, सर,” असे उत्तर आले. पोटरीला बांधलेल्या फडक्याखालून हळद आणि चुना डोकावत होता. “सायकलवरून पडल्यावर चुना कोण लावतो रे?” असे म्हणताच त्याचे डोळे भरून आले. हकिकत अशी होती : वडिलांनी कुत्रे पाळण्यास मनाई केलेली असल्यामुळे त्याने मागील पडवीत एक पिल्लू गुपचूप ठेवले होते. आदल्या सायंकाळी ते भाकरी खात असता याने थाळी ओढली, आणि ते कडकडून चावले. आजीने घरगुती उपचार केला व ‘बाबांना कळू देऊ नकोस’ असे सांगितले. पुढे तो जे बोलला ते मी विसरलेलो नाही. “सर, ते पूर्वी खाताना गुरगुरायचे. ती खोड मी छडीने मोडली होती. म्हणून या वेळी ते गुरगुरले नाही, एकदम चावले.”

त्याच्या वडिलांना बोलावून आम्ही तत्काळ सरकारी रुग्णालय गाठले. वडील रागावले नाहीत, फक्त वाटेत एकदा म्हणाले, “मला सांगायला एवढा का भ्यालास?” तिसऱ्या दिवशी ते पिल्लू कोठे नाहीसे झाले, ते कोणालाच समजले नाही. ते निरोगी होते की पिसाळलेले होते, याचा निर्णय आता होणे शक्य नव्हते. म्हणून ठरलेली सर्व इंजेक्शने घेणे अपरिहार्य होते. ती त्याने घेतली. तो मुलगा आज सुखरूप आहे.

या प्रसंगात तीन चुका झाल्या. कुत्र्याची भाषा समजली नाही. त्याला शिकविण्याची रीत चुकली. आणि दंश लपविला गेला. या तिन्हींचा क्रमाने विचार करू.

कुत्र्याची भाषा

माणूस आणि कुत्रा यांची सोबत शेतीहूनही जुनी आहे. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एक प्राचीन दफनस्थान सापडले. सुमारे १४,००० वर्षांपूर्वी तेथे एक पुरुष, एक स्त्री आणि एक कुत्र्याचे पिल्लू पुरण्यात आले होते. त्या पिल्लाच्या दातांवरून ते बरेच आजारी होते व कोणीतरी त्याची शुश्रूषा केली असावी, असे अनुमान शास्त्रज्ञांनी काढले आहे. आपल्याकडेही हा स्नेह अपरिचित नाही. स्वर्गाच्या दारात कुत्र्याला सोडून आत जाण्यास नकार देणारा युधिष्ठिर आपल्याला ठाऊक आहे. कोरडी पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेवही ठाऊक आहेत. उत्तर कर्नाटकातील मुधोळच्या सडपातळ, चपळ शिकारी कुत्र्याचे चित्र तर भारतीय टपाल खात्याने २००५ साली तिकिटावर छापले.

इतक्या दीर्घ सोबतीनंतरही त्याची भाषा आपण नीट वाचीत नाही. कुत्रा मुख्यतः अंगाने बोलतो. तो अस्वस्थ झाला की प्रथम तोंड फिरवितो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो. भीती वाढली की कान मागे पाडतो, शेपूट पोटाखाली घेतो, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो. त्यानंतर अंग ताठ होते, मग गुरगुर, मग दात, आणि सर्वांत शेवटी चावा. ही एक शिडी आहे असे समजा. प्रत्येक पायरीवर तो ‘दूर राहा’ एवढेच सांगत असतो. गुरगुर हा त्याचा उद्धटपणा नसून इशारा असतो. तो इशारा मारून बंद केला, तर भीती जात नाही. केवळ सूचना जाते. आगीची घंटा काढून टाकल्याने आग विझत नाही, त्यातलाच हा प्रकार. आमच्या विद्यार्थ्याने नेमके हेच केले होते.

शेपटीविषयीही एक गैरसमज आहे. शेपूट हलते म्हणजे कुत्रा आनंदी आहे, असे नेहमीच नसते. सैल अंगाने, कमरेपासून डोलत हलणारी शेपूट आनंदाची. ताठ उंच धरून थरथरणारी शेपूट उत्तेजनाची वा धमकीची असू शकते. म्हणून केवळ शेपूट पाहू नये, सबंध कुत्रा पाहावा.

दुसरा गैरसमज ‘अपराधी चेहऱ्या’चा. फाटलेली चप्पल दाखविताच कुत्रा मान खाली घालतो. आपण म्हणतो, ‘पाहा, याला आपली चूक कळते.’ अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसून आले की, हा चेहरा कुत्र्याने अपराध केला होता की नाही यावर अवलंबून नसतो. धनी रागावला की तो अधिक दिसतो. म्हणजे तो पश्चात्ताप नव्हे, आपल्या रागाला दिलेले उत्तर होय. दुपारी फाडलेल्या चपलेबद्दल सायंकाळी मार दिला, तर कुत्रा चपलेचा धडा शिकत नाही. घरी येणाऱ्या माणसाला भ्यावे, एवढेच शिकतो.

शिकविण्याची रीत

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांना १९०४ साली पचनक्रियेच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. अन्नाच्या आधी ठराविक आवाज वारंवार ऐकविला, तर पुढे केवळ त्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते, हे त्यांनी दाखविले. साखळीचा खुळखुळाट होताच तुमच्या घरचा कुत्रा फिरायला जाण्यासाठी नाचू लागतो, तो याच नियमाने. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली दुसरा नियम मांडला : ज्या कृतीचे फळ गोड, ती कृती प्राणी पुनःपुन्हा करतो. या दोन नियमांवर श्वानशिक्षणाची सारी इमारत उभी आहे.

‘बस’ हा पहिला धडा घ्या. भाकरीचा लहानसा तुकडा कुत्र्याच्या नाकाजवळ धरून हळूहळू डोक्यावरून मागे न्यावा. नाक वर जाते तसा मागचा भाग आपोआप खाली टेकतो. टेकताक्षणीच ‘शाब्बास’ म्हणून तुकडा द्यावा; क्षणाचाही उशीर झाला तर बक्षीस कशाचे, ते त्याला समजत नाही. अंगावर दाब देऊन त्याला बसवू नये. चारसहा वेळा हे साधले की मग ‘बस’ हा शब्द जोडावा. पुढे तुकडा कधी द्यावा, कधी केवळ पाठीवरून हात फिरवावा. धडा पाच मिनिटांहून अधिक नसावा. दिवसातून दोनतीन वेळा, जेवणापूर्वी घ्यावा. आणि कुत्र्याला जमलेल्या गोष्टीवरच तो संपवावा.

घरातील सर्वांनी एकच शब्द वापरावा. आई ‘ये’ म्हणते, दादा ‘इकडे’ म्हणतो आणि आजोबा ‘यू यू’ करतात, अशा घरातील कुत्रा मठ्ठ नसतो, गोंधळलेला असतो. ‘ये’ म्हणून बोलावून कधीही रागावू नये. उशिराने का होईना, आला की कौतुकच करावे. नाहीतर येणे म्हणजे बोलणी खाणे, असा त्याचा समज होतो. तोंडातील वस्तू हिसकावू नये. तिच्याहून चांगली वस्तू पुढे करून ‘सोड’ शिकवावे. अंगावर उड्या मारू लागला तर ओरडू नये. पाठ फिरवून स्तब्ध उभे राहावे आणि चारही पाय जमिनीवर टेकल्यावर त्याच्याशी बोलावे. फिरताना साखळी ओढू लागला की आपण थांबावे. साखळी सैल झाली की पुढे चालावे. ओढल्याने रस्ता संपत नाही, हे त्याला थोड्याच दिवसांत उमगते.

पिल्लाला घरात घाण न करण्याची सवय लावायची तर झोपेतून उठल्यावर, खाण्यानंतर आणि खेळानंतर त्याला दर वेळी एकाच जागी बाहेर न्यावे व काम होताच शाबासकी द्यावी. घाणीत नाक घासणे ही जुनी रीत क्रूर आहे आणि निरुपयोगीही आहे. पिल्लू निदान आठ आठवडे आईजवळ राहू द्यावे. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याच्या सुमारास त्याचे मन फार संस्कारक्षम असते. या काळात मुले, म्हातारी माणसे, सायकली, छत्र्या यांची सौम्यपणे ओळख झाली, तर पुढे ते त्यांना भीत नाही. जन्मभर खुंट्याला बांधलेला कुत्रा राखणदार होत नाही. तो केवळ भेदरलेला होतो. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हे पदार्थ त्याला विषासमान आहेत, हेही लाडाच्या भरात विसरू नये.

सावधगिरी

कुत्रा खात असता, झोपला असता, आजारी असता अथवा पिल्लांजवळ असता त्याच्या वाटेस जाऊ नये. मग तो आपल्याच घरचा का असेना. परक्या कुत्र्याला हात लावण्यापूर्वी धन्याची परवानगी घ्यावी, त्याला आपला वास घेऊ द्यावा, आणि हात डोक्यावरून न नेता छातीकडून फिरवावा. गळ्यात मिठी मारणे आपल्याला प्रेमाचे वाटते. पुष्कळ कुत्र्यांना ते कोंडल्यासारखे वाटते. लहान मुलाला कुत्र्याजवळ एकटे सोडू नये.

रस्त्यावरील कुत्रा अंगावर धावून आला तर पळू नये. पळणाऱ्यामागे लागणे हा त्याचा स्वभाव आहे. झाडासारखे स्थिर उभे राहावे, हात अंगाशी घ्यावेत, नजर आपल्या पायांकडे ठेवावी, ओरडू नये. बहुतेक वेळा कुत्रा हुंगून निघून जातो. मग सावकाश मागे सरावे. सायकलवर असल्यास उतरून सायकल मध्ये धरावी. दप्तरही ढालीसारखे उपयोगी पडते. खाली पडल्यास अंगाचे मुटकुळे करून दोन्ही हातांनी मान व कान झाकावेत.

दंश झाल्यास

पिसाळण्याचा रोग प्राचीनांस ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत या विषाने होणाऱ्या जलत्रासाचे वर्णन आढळते. उपाय मात्र फार उशिरा सापडला. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचण्यात आली. एकंदर १३ टोचण्यांनंतर तो वाचला. पोटात घ्याव्या लागणाऱ्या चौदा इंजेक्शनांची भीती आजही वडीलधाऱ्यांच्या मनात असते. परंतु ती जुनी लस भारतातून केव्हाच गेली. आता दंडावर मोजकीच इंजेक्शने घ्यावी लागतात. टोचण्याच्या पद्धतीप्रमाणे ती पहिल्या दिवसापासून साधारण चार आठवड्यांत पुरी होतात. जखम खोल असेल तर डॉक्टर जखमेतच आणखी एक औषध टोचतात.

चावा असो, ओरखडा असो, अथवा फुटलेल्या त्वचेवर लाळ लागलेली असो, हे क्रमाने करावे. प्रथम जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही लावू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. कुत्रा माहीतचा असल्यास दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवावे; पण त्या निर्णयासाठी उपचार थांबवू नये. सर्व इंजेक्शने ठरल्या तारखांस घ्यावीत. रोगाची लक्षणे बहुधा दोनतीन महिन्यांनी, क्वचित वर्षानेही दिसतात. आणि ती दिसल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. वेळेवर उपचार घेतला तर तो टाळता येतो. या दोहोंमध्ये अंतर आहे ते फक्त वेळेवर सांगण्याचे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे, पिसाळलेल्या असण्याचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. माणसांना होणाऱ्या या रोगाच्या बहुतेक सर्व प्रसंगी कारण कुत्राच असतो. म्हणून कुत्र्यांना लस टोचणे हाच खरा बंदोबस्त होय. पिल्लाला तिसऱ्या महिन्यात पहिली लस व पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमित लस द्यावी. आपल्या शेजारच्या गोव्यात २०१४ पासून मोहीम काढून घरच्या व रस्त्यावरच्या कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस देण्यात आली आणि शाळाशाळांतून मुलांना हेच धडे शिकविण्यात आले. २०२१ साली त्या राज्याने स्वतःला ‘रेबीज-नियंत्रित’ म्हणून जाहीर केले. निश्चय केला तर काय साधते, याचे हे उदाहरण आहे.

शेवटी पालकांना एक विनंती. मूल कुत्र्याच्या दंशाची गोष्ट सांगायला आले तर त्या क्षणी त्याला रागावू नका. रागावण्यास पुढे पुष्कळ दिवस मिळतील. जखम धुण्यास मिळणार नाहीत. आणि विद्यार्थ्यांनो, कुत्र्याची गुरगुर मारून बंद केली की काय होते, ते तुम्ही वाचलेच. घराघरांतही हाच नियम चालतो. जेथे बोलण्यास भीती नसते, तेथे धोका वेळीच कळतो. म्हणून कुत्र्याने गुरगुरावे, आणि मुलाने सांगावे.